‘हाय’ नावाची कमांड

माझ्या सासूबाईंनी गल्लीत सांगून ठेवलं होतं, ‘आमची सून याद्या करती.’ त्यात खोटं काही नव्हतं. पुण्यातली नोकरी सुटल्यावर आम्ही सोलापूरला परत आलो, मला इथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम मिळालं, आणि पहिल्या काही महिन्यांत मी तिथं एकच गोष्ट केली. कॉम्प्युटरमध्ये कुठल्या फाइली आहेत, कुठली फोल्डरं आहेत, याची यादी दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. सासूबाई मूळच्या नातेपुत्याच्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ते कॉम्प्युटरला आधीपासनं येत न्हाय व्हय?”

येतं. कॉम्प्युटरला लेखी हुकूम, म्हणजे कमांड, देण्याची एक काळी खिडकी असते; तिथं दोन अक्षरं टाइप केली की यादी येते. ती सोय कुणीतरी माझ्या जन्माआधीच करून ठेवली आहे आणि जगभर ती सुखाने चालू आहे. पण प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी वाटतं की हे काम आजवर कुणाला नीट जमलेलं नाही. मला ते चाळिशीच्या अलीकडे वाटलं.

सासूबाईंच्या प्रचाराचा परिणाम आठवड्याभरात दिसला. शेजारच्या काकू आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आल्या. मतदार यादीत त्यांच्या नावापुढे जावेचा फोटो होता आणि जावेच्या नावापुढे कुणाचाच नव्हता. मी त्यांना समजावलं की मी त्या याद्या करत नाही, कॉम्प्युटरच्या आतल्या याद्या करते. काकूंनी विचारलं, त्या याद्यांत नाव असलं की काय मिळतं? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी झेरॉक्स परत घेतली आणि जाताना सासूबाईंना सांगून गेल्या की सून हुशार आहे, पण अजून वरपर्यंत पोहोचलेली नाही.

आता कारखान्याबद्दल. सोलापुरात कुणीही कुणालाही ‘मालक’ म्हणतं. रिक्षावाला प्रवाशाला, प्रवासी रिक्षावाल्याला. त्यामुळे खऱ्या मालकाला वेगळं काही म्हणावं लागतं. आमच्याकडे त्यांना शेठ म्हणायचे. शेठ घरी आणि फोनवर कन्नड बोलायचे, कामगारांशी मराठी, आणि कॉम्प्युटरबद्दल बोलायची वेळ आली की इंग्रजी. त्यांना प्रत्येक नव्या गोष्टीचं कौतुक होतं आणि ती काय आहे हे कळायच्या आतच ते ती पाहुण्यांना सांगून मोकळे व्हायचे.

दुसरे अण्णा. हे आमचे डिझायनर. विणकराच्या घरातले, घरी तेलुगू, राहायला शहराच्या पूर्व भागात. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून डिझाइन काढण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि पुढे तेच काम कॉम्प्युटरवर करायला शिकले होते. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कारखान्यात विणलेल्या जवळजवळ प्रत्येक टॉवेलची किनार त्यांच्या हाताखालून गेलेली.

हे सगळं काम एका फोल्डरमध्ये होतं. ते फोल्डर माउसने उघडलं की कॉम्प्युटर प्रत्येक डिझाइनचं छोटं चित्र करून दाखवायला बसायचा, आणि तेवढ्या वेळात आमचा चहा होऊन यायचा. आत ‘फायनल’ होतं, ‘फायनल नवीन’ होतं, ‘शेठ ओके फायनल’ होतं, ‘हे घ्या’ होतं आणि ‘हे घेऊ नका’ होतं. ‘हे घेऊ नका’मध्ये सगळ्यात जास्त फाइली होत्या आणि सगळ्यात जास्त विणलेले टॉवेल तिथलेच होते. बाकीच्या फाइलींना अण्णांनी दिलेली नावं होती. ‘पाणी आलं’. ‘लग्न ठरलं’. ‘मोरपिशी’. ‘संप’. मी पहिल्या दिवशी अण्णांना विचारलं होतं की नाव देण्याची काही पद्धत आहे का. ते म्हणाले, आहे की. आणि कामाला लागले.

मी ठरवलं की चित्रांच्या भानगडीत न पडता क्षणात यादी दाखवणारी, आपल्या कारखान्याला शोभेल अशी कमांड लिहायची. नाव ठेवलं ‘हाय’. काळ्या खिडकीत इंग्रजी तीन अक्षरांत हाय लिहायचं, पुढे फोल्डरचं नाव द्यायचं, की तिथं काय काय हाय ते दिसतं. रिकामं फोल्डर असेल तर उत्तर येतं, ‘काय न्हाय’. हे मला इतकं आवडलं की पहिला दिवसभर मी रिकामी फोल्डरंच बनवून बघत होते.

मग रंग आले. फोल्डरं निळी, डिझाइनच्या फाइली पिवळ्या, फार मोठ्या फाइली लाल. मग झाडासारखी फांद्या दाखवणारी यादी. मग आडवी रेघ आणि एक अक्षर जोडलं की आकारानुसार, दोन जोडली की तारखेनुसार. अशी अक्षरं वाढत वाढत इंग्रजी मुळाक्षरं संपत आली, तेव्हा मी मोठ्या लिपीतली अक्षरं घ्यायला लागले. नवरा संध्याकाळी विचारायचा, आज काय केलं? मी सांगायचे की आज एक्स जोडला. तो ‘बरं’ म्हणायचा आणि भाजी निवडायला घ्यायचा.

सगळ्यात अभिमानाची गोष्ट म्हणजे मी लिहिलेली हुशारी. एकाच डिझाइनच्या पाच आवृत्त्या असतील तर त्यातली शेवटची तेवढी दाखवायची, आधीच्या जुन्या समजून लपवायच्या. आकडे, ‘नवीन’, ‘कॉपी’, ‘पहिली’, ‘दुसरी’ अशा शब्दांवरून प्रोग्राम ते ओळखायचा. फोल्डर एका झटक्यात निम्मं दिसायला लागलं. इतकी स्वच्छता मी घरातही कधी केली नव्हती.

शेठना दाखवायचा दिवस आला. मी काळी खिडकी उघडली, कमांड दिली, रंगीत यादी सरसर वर गेली. शेठ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी विचारलं, खिडकी पांढरी करता येईल का, काळी म्हणजे कॉम्प्युटर बिघडल्यासारखा वाटतो. मी पांढरी केली. मग पिवळा रंग दिसेना. मग त्यांनी सुचवलं की ज्या डिझाइन फायनल आहेत त्या ठळक दिसू देत. मी तेही लगेच करून दाखवलं आणि अख्खी यादी ठळक झाली. फायनल कशाला म्हणायचं यावर बैठक बसली. त्यात ठरलं की शेठ जे पास करतील ते फायनल. मग निघालं की शेठनी आजवर काही नापास केलेलंच नाही. ते फक्त “बघू” म्हणतात, आणि अण्णा त्याचा अर्थ लावतात. बैठक तिथंच संपली.

अण्णा तेव्हा माझ्यामागे उभे होते. यादीकडे बघून त्यांनी एकच शेरा मारला, किनार वाकडी आहे. खरंच होती. इंग्रजी नावं होती तिथं उजवीकडचे आकडे एका रेषेत उभे होते, मराठी नावं आली की ते आत-बाहेर व्हायचे. मी आठवडाभर त्यावर डोकं फोडत होते. कॉम्प्युटर प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळं अक्षर म्हणून मोजतो. ‘मोरपिशी’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द दिसतो, त्याला सात. मग तो सात घरांची जागा सोडतो आणि चारच भरतो.

मी हे अण्णांना सांगितलं. मनातून वाटत होतं की हे त्यांना कळायचं नाही. त्यांनी समोरचा टॉवेल उचलून किनारीवर बोट फिरवलं.

“जाड धागा आन बारीक धागा सारखाच धरून मोजलं तर किनार वाकडी येणारच की,” ते म्हणाले. “तुमी धागे मोजताय. रुंदी मोजा.”

म्हणजे अक्षरं मोजू नका, शब्द पडद्यावर किती जागा घेतो ते मोजा. याच गोष्टीवर लोकांनी इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिली आहेत आणि ती मी सगळी वाचली होती. त्या दुपारी मी मोजणी बदलली आणि आकडे रांगेत उभे राहिले. अण्णांनी लांबून बघितलं, मान हलवली आणि डबा खायला गेले. पुण्यातल्या नोकरीत मला दोनदा मानपत्र मिळालं होतं. त्यांची ही मान त्यापेक्षा मोठी वाटली, आणि याचा मला जरा रागही आला.

त्यानंतर अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं आधी झालं होतं, आता दुसऱ्याचं. पण या वेळी डोळा थोडा सुजला आणि डॉक्टरांनी महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं. त्याच आठवड्यात परदेशातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेल आला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडून एक टॉवेल घेतला होता, तसाच परत हवा होता. सोबत फोटो होता, वापरून विटलेल्या टॉवेलच्या एका कोपऱ्याचा. किनारीवर लहान लहान पानं, मधूनच एक पान उलटं. लेबल धुऊन धुऊन कोरं झालेलं. उत्तर गुरुवारपर्यंत हवं होतं.

शेठ माझ्या टेबलापाशी आले. “आता तुमचं ते हाय चालवा,” म्हणाले.

हीच ती घटका, असं मला वाटलं. मी या फोल्डरची तारखेनुसार यादी पहिल्यांदाच मागवली. सगळ्या फाइलींची तारीख एकच निघाली. मी येण्याआधी कुणीतरी जुन्या डिस्कवरून सगळं उचलून नव्या डिस्कवर टाकलं होतं, आणि त्या भानगडीत प्रत्येक फाइलीची मूळ तारीख पुसली गेली होती. कारखान्याच्या इतक्या वर्षांच्या डिझाइन माझ्या यादीप्रमाणे एकाच मंगळवारी दुपारी जन्माला आल्या होत्या. आकारानुसार लावून बघितलं, उपयोग झाला नाही. शेवटी मी आणि पॅकिंग विभागातली एक बाई मिळून यादीत दिसणारी एकेक फाइल उघडून बघायला लागलो. एक फाइल उघडायला एवढा वेळ लागायचा की बाईंनी विणायला स्वेटर आणला. दोन दिवसांत आम्ही दिसत होतं ते सगळं बघितलं. उलटं पान कुठेच नव्हतं.

बुधवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन पूर्व भागात अण्णांच्या घरी गेले. खालच्या खोलीत पूर्वी माग होता, आता तिथं दोन सायकली आणि शिलाई मशीन होतं. अण्णा माडीवर खिडकीकडे पाठ करून बसले होते, डोळ्यांना काळा चष्मा. त्यांच्या सूनबाईंनी मला चहा दिला आणि लॅपटॉपकडे बघून बजावलं, बघायला द्यायचं नाही हं. मी म्हटलं, मी नुसती वाचणार आहे.

मी फोटोतल्या किनारीचं वर्णन केलं. उलट्या पानापाशी आले तेव्हा अण्णा किंचित हसले. म्हणाले, वाचा. मी यादी वाचायला लागले. इतके महिने मी त्या नावांना रंग दिला होता, रांगेत उभं केलं होतं, पण मोठ्याने कधी वाचली नव्हती. ‘पाणी आलं’ म्हटल्यावर अण्णा म्हणाले, त्या दिवशी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, किनारीला लाटा आहेत बघा. होत्या. ‘संप’मध्ये निम्मी किनार कोरी होती. ‘लग्न ठरलं’ त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं. ते मोडलं, पण टॉवेल चांगला चालला. पद्धत होती ती ही. रोजची डिझाइन आणि त्या दिवशी घरात, गावात जे घडलं ते. यादी वाचता वाचता मला एका माणसाची रोजनिशी वाचल्यासारखं व्हायला लागलं, आणि ती मी महिनेच्या महिने आकारानुसार लावत होते.

‘तिसरी’ आलं आणि मी पुढे गेले. अण्णांनी हात वर करून थांबवलं.

“तिसरीच्या आधी दोघी कुटं गेल्या?”

मी विचारलं, कोण दोघी? ते म्हणाले, पहिली आणि दुसरी. मग माझ्या लक्षात आलं. मी सांगितलं की त्या जुन्या आवृत्त्या समजून माझा प्रोग्राम लपवतो, शेवटची तेवढी दाखवतो.

अण्णा जिन्याकडे तोंड करून तेलुगूत काहीतरी म्हणाले. खालून शाळेच्या गणवेशातली नववी-दहावीतली मुलगी वर आली, माझ्याकडे बघून हसली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

“ही दुसरी,” अण्णा म्हणाले. “हिला जुनी म्हणालात की तुमी.”

नातींच्या जन्माच्या दिवशी त्यांनी जी किनार काढली तिला त्या नातीचा नंबर दिला होता. दुसरी पायाळू जन्मली. म्हणून एक पान उलटं. तेव्हा शेठच्या वडिलांना ते पान चूक वाटलं होतं, अण्णांनी ती फॅशन आहे म्हणून सांगितलं होतं, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच आवडलं होतं. मी तिथंच मांडीवर लॅपटॉप ठेवून लपवलेली फाइल उघडली. पानं होती. एक उलटं होतं. दुसरीने वाकून बघितलं आणि विचारलं, हे माझं आहे? तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, विचारलंच नाहीस.

गुरुवारी मेल गेला. मी ती हुशारी प्रोग्राममधून काढून टाकली, फोल्डर परत दुप्पट झालं. कारखान्यात मी सांगितलं की प्रोग्राममुळे फाइल सापडली. हे वाक्य मी फार विचार करून बनवलं होतं आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

अण्णा कामावर आले तेव्हा मी यादीत शेऱ्यांचा एक नवा रकाना जोडला होता. रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास मी फाइलीचं नाव वाचायचे, अण्णा सांगायचे, मी शेऱ्यात लिहायचे. कुणासाठी केलं, कधी केलं, त्या दिवशी काय झालं. ते थांबून थांबून बोलायचे, मधेच तेलुगूत जायचे, परत यायचे. एखाद्या फाइलीला म्हणायचे, हिचं काही लिहू नका. मी तिथं ‘लिहू नये’ एवढंच लिहायचे.

इकडे शेठना ‘हाय’ या नावाचा अर्थ त्यांच्या परीने कळला होता. त्यांच्या मते कॉम्प्युटरला हाय म्हणायचं, मग तो उत्तर देतो. म्हणजे एआय. कारखान्याच्या माहितीपत्रकात ते छापूनही आलं. मी दोनदा समजावलं की यात काहीच बुद्धी नाही, होती तेवढी मी काढून टाकली आहे. शेठ म्हणाले, तुम्ही फार साध्या आहात.

मग तेच गिऱ्हाईक स्वतः सोलापूरला आलं. शेठनी मोठ्या खोलीत भिंतीवरच्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, पाहुण्यांना शेंगा चटणीचे पुडे दिले आणि मला कमांड द्यायला सांगितलं. रंगीत यादी आली, शेऱ्यांच्या रकान्यासकट. पाहुण्यांना तो रकाना आवडला. त्यातल्या एका बाईंनी बोट दाखवून विचारलं की इथं काय लिहिलं आहे. शेठना वाटलं, डिझाइनचं वर्णन असेल. त्यांनी आवाज लावून मराठीत वाचलं, म्हणजे मग इंग्रजीत सांगता येईल.

“शेठ म्हणाले निळा रंग बदल. बदलला नाही. दोन दिवसांनी तेच दाखवलं. शेठ म्हणाले, आता बरोबर झालं.”

पॅकिंगमधल्या त्या बाई धरून खोलीत मराठी कळणारे आम्ही चौघं होतो. तिघांनी तीन दिशांना बघितलं. अण्णा मात्र टीव्हीकडेच बघत होते, किनार सरळ आहे का ते तपासत असावेत. शेठनी घसा साफ केला आणि पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं की या रंगावर आमच्याकडे खूप संशोधन झालं आहे. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

पाहुणे गेल्यावर शेठनी मला बोलावलं. मला वाटलं, रकाना काढायला लागणार. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले आणि मग विचारलं, पाहुण्यांसमोर तो रकाना दिसणार नाही असं एखादं बटण करता येईल का. मी आडवी रेघ आणि एक अक्षर करून शेठच्या कॉम्प्युटरवरही बसवून दिलं. इंग्रजीतलं ते शेवटचं अक्षर शिल्लक होतं.

काळ्या खिडकीत कुणी कधी काय टाइप केलं त्याची नोंद राहते. महिन्याभराने मी सहज ती बघितली. शेठच्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी, मी आणि अण्णा शेरे लिहीत बसायचो त्याच वेळेला, ‘हाय’ चालवलेलं होतं. नवं बटण एकदाही वापरलेलं नव्हतं, म्हणजे शेऱ्यांचा रकाना रोज उघडाच होता.

मी अण्णांना हे सांगितलं नाही. पण एका शनिवारी शेठ डिझाइनच्या खोलीत आले, अण्णांच्या पडद्यावरच्या नव्या किनारीकडे बघत उभे राहिले, आणि नेहमीसारखं ‘बघू’ न म्हणता विचारलं, “त्या निळ्याचं मला खरंच कळलं नव्हतं?”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

शेठनी खुर्ची ओढून घेतली, बसले आणि म्हणाले, मग ही किनार कशी आहे ते मला आता नीट सांगा. अण्णा सांगायला लागले. सव्वा तास लागला. मी शेजारच्या टेबलावर शेऱ्यात काय लिहावं याचा विचार करत बसले होते.